हतबलचा नवा अर्थ

चाळीस वर्षं हरिश्चंद्र गुरुजींनी ‘हतबल’चा अर्थ एकच शिकवला: ज्याचं बळ गेलं, तो. दुसरं काही लिहिणाऱ्याला सरळ भोपळा!

जत्रेला गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. यंदा देवासमोर ते उभे राहिले खरे, पण अर्धांगवायूनंतर जीभ वळत नव्हती. ‘बा देवा म्हाराजा’ एवढं कसंबसं उमटलं, पुढे नुसतेच ओठ हलले.

“व्हय म्हाराजा!” अख्खा गाव गरजला. मग ओठ थांबले की गाव गरजायचा, शेवटपर्यंत, एकही होकार न चुकवता.

घरी येऊन गुरुजींनी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत वहीत लिहिलं: ‘हतबल: ज्याच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारं कोणी नाही, तो. वाक्यात उपयोग: मी हतबल नाही.’