प्रात्यक्षिकाचा पेला

रखमाजीने जुन्नरच्या पेठेत आणि आसपासच्या गावांत सव्वीस वर्षं पोरांना देवी टोचल्या. त्यामुळे तो दिसला की पोराने रडायचं, हा तालुक्यात जवळजवळ कायदाच होता. पेन्शनीला दीड वर्ष उरलं तेव्हा त्याचा हात थरथरायला लागला, टोचणी दंडाऐवजी खांद्याकडे जायला लागली, आणि वरच्यांनी दया येऊन त्याला दूधकेंद्रावर बसवलं. सन छप्पन्नचा तो उन्हाळा. आता पोरांना द्यायचं होतं ते दूध. पण पोरं जुनी ओळख विसरायला तयार नव्हती. त्याला पाहिलं की आधी दंड झाकायची आणि मग तोंड उघडायची.

दूध म्हणजे भुकटी. सातासमुद्रापलीकडून पिंपांत भरून यायची. रखमाजीने पहाटे उठून चावडीशेजारच्या पडवीत चूल पेटवायची, पाणी तापवायचं, भुकटी टाकून रवीने घुसळत बसायचं. गुठळ्या मोडत नसत, गुडघे मात्र मोडत. वास ओल्या घोंगडीसारखा. चाळीस गरिबाघरची अशक्त बालकं, त्यांची चाळीस कार्डं, चाळीस पेले. दूध तिथंच पाजायचं, घरी न्यायचं नाही.

आणि एक पेला रखमाजीचा. त्याचं असं झालं, की केंद्र उघडलं तेव्हा पेठेत बोलवा उठली, ही भुकटी दुधाची नाही, कसली तरी हाडं दळून केलीय. पहिले चार दिवस एकही आई फिरकली नाही. तेव्हा वरून हुकूम आला, की वाटपापूर्वी केंद्रचालकाने एक पेला सर्वांसमक्ष पाजून प्रात्यक्षिक दाखवावे. पाजायचं कुणाला हे हुकमात नव्हतं. रखमाजीला समोर दुसरं कोणी दिसेना, म्हणून त्याने स्वतःलाच पाजलं आणि वर म्हणाला, ‘‘बघा, काही होत नाही.’’

दोन महिन्यांत बोलवा मेली. हुकूम जिवंत राहिला. रखमाजी रोज नाक दाबून पेला रिकामा करायचा आणि म्हणायचा, बघा, काही होत नाही. साळुबाई नावाची एक तोंडाळ बाई रांगेत कायम पहिली असायची. ती एकदा म्हणाली, ‘‘तुमाला काय व्हायचंय भाऊ, तुमचं सगळं व्हऊन गेलंय.’’ रखमाजीने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं.

महिन्याच्या महिन्याला पोरांचं वजन व्हायचं. ठरलेल्या आकड्याच्या वर वजन गेलं की पोर सशक्त, आणि सशक्त पोराला दूध नाही. बायकांना एवढं एकच कलम पाठ होतं. वजनाच्या दिवशी पोरं उपाशीपोटी यायची. झबलं काढलेलं, ताईत काढलेला, कमरेचा करदोटाही सोडलेला. साळुबाई तर आपल्या लेकाला काट्यात घालण्याआधी पडवीमागे नेऊन बराच वेळ उकिडवं बसवायची. रखमाजीला सगळं दिसायचं. काटा वाचायची वेळ आली की तो चष्मा खिशात शोधायचा, आणि तो त्याला सहसा सापडत नसे.

चष्मा सगळ्यात जास्त वेळा हरवला तो आमिनाच्या झुबेदासाठी. आमिनाचा नवरा गफूर कागदी मोहल्ल्यातला. घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद करायचं काम. पण आता सरकारी कामाला गिरणीचा कागद चाले आणि गफूरच्या कागदाला वर्षातून दोनदा कोणी व्यापारी विचारी. आमिनाची दोन लेकरं आधी गेली होती. दोघांनाही रखमाजीनेच देवी टोचल्या होत्या, आणि दोघांनाही देवी आल्या नाहीत. ती नुसतीच गेली, वाळत वाळत. तिसरी झुबेदा केंद्रावर आली तेव्हा सात महिन्यांची होती आणि उचलली तर हाताला फडक्यासारखी लागायची. आमिना बोंडल्याने एकेक घोट घालत तासभर बसायची. आता झुबेदा सोळा महिन्यांची होती, तिच्या मांड्यांना वळ्या होत्या, आणि कार्डाची हद्द तिने दोन महिन्यांपूर्वीच ओलांडली होती. नाव कमी करायचा अधिकार पुण्याच्या साहेबांचा. साहेब काही अजून आले नव्हते.

माघात ते येणार असं पत्र आलं. केंद्र उघडून दहा महिने झाले, सबब सुदृढ बालक स्पर्धा भरवावी. पुण्याहून साहेब येऊन बक्षीस देतील, दुधाचा गुण दिसला तर केंद्र आणखी वर्षभर चालेल, न दिसला तर पिंपं आंबेगाव तालुक्याकडे जातील.

रखमाजीने रांगेतल्या बायकांना पत्र समजावून सांगितलं. सगळ्यात धडधाकट पोराला बक्षीस आहे, तर अंगाने भरलेली पोरं आणा. बायकांनी ऐकून घेतलं, एकमेकींकडे पाहिलं.

‘‘म्हंजी कुणाची कार्डं काढून घ्यायची ते साहेब सोता बघायला येनार,’’ साळुबाई म्हणाली.

रखमाजी म्हणाला, तसं नव्हे. पण ते म्हणताना त्याचा स्वतःचाच आवाज त्याला सरकारी वाटला. बायका घरी गेल्या त्या काय ठरवून गेल्या हे त्याला दिसत होतं. साहेबांसमोर तालुक्यातली यच्चयावत हाडकुळी पोरं उभी राहणार, साहेब म्हणणार दुधाचा गुण नाही, आणि पिंपं चालली. त्यात त्याचं काही जाणार नव्हतं. उलट पहाटेची झोप मिळाली असती. पण फडक्यासारखी पोरं हाताला कशी लागतात ते त्याला ठाऊक होतं. गुडघे चोळत तो कागदी मोहल्ल्यात गेला.

आमिना उंबऱ्यात बसली होती. तिने त्याचं सगळं ऐकलं आणि नको म्हणाली. चार माणसांत गुटगुटीत पोर दाखवायचं, कोणाची नजर कशी असते सांगता येत नाही. रखमाजी म्हणाला, काजळाचा टिळा लाव, पाहिजे तर दोन्ही गालांना लाव.

‘‘नजरेला टिळा हाय, भाऊ. कार्डाला काय लावू?’’

रखमाजीने सव्वीस वर्षांत सरकारचा शब्द हजारदा दिला होता. दुखणार नाही, ताप येणार नाही, असा. स्वतःचा शब्द द्यायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, कारण तो कोणी मागितलाच नव्हता. आता त्याने विचार केला, की साहेब येतील, फोटो काढतील, जेवतील आणि जातील; कार्ड कशाला बघतील?

‘‘झुबेदाचं दूध बंद होणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हा माझा शब्द. सरकारचा नाही, माझा.’’

आमिनाने उठून झुबेदाला कमरेवर घेतलं. मग म्हणाली, येते.

स्पर्धेच्या दिवशी पडवीला तोरण बांधलं होतं. साहेब आले, बरोबर फोटोवाला आणि एक लेखनिक. रांगेतून फिरायला लागले. सोनीबाईचं पोर बघितलं, त्याच्या बरगड्या लांबूनच मोजून झाल्या. पुढच्या पोराला मान धरवत नव्हती. साळुबाईने आपल्या लेकाला गर्दीत कुठं तरी लपवलं होतं आणि राजुरीच्या बहिणीचं काटकुळं पोर मागून आणलं होतं. ते तिच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होतं. साहेब अर्ध्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांनी लेखनिकाला हळूच विचारलं, ‘‘आपण स्पर्धेलाच आलोय ना?’’ लेखनिकाने पत्र काढून वाचलं आणि होय म्हणाला.

रांगेच्या शेवटी आमिना उभी होती. साहेब समोर आल्यावर तिने ओढणी बाजूला केली. झुबेदाच्या दोन्ही गालांवर काजळाचे टिळे होते, कपाळावर तिसरा होता. तिने साहेबांचा चष्मा ओढला आणि दांडी तोंडात घातली. काटा चोवीस पौंडांवर जाऊन थांबला.

साहेबांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला. फोटो निघाला. भाषण झालं, ते लांब होतं. बऱ्याच पोरांनी त्यात झोप काढून घेतली. बक्षीस म्हणून पितळी पेला मिळाला, त्यावर ‘सुदृढ बालक, प्रथम क्रमांक’ असं कोरलं होतं. केंद्र आणखी एक वर्ष चालेल असं साहेबांनी जाहीर केलं आणि बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. रखमाजीने भिंतीला पाठ टेकली.

मग खूश झालेल्या साहेबांनी झुबेदाचं कार्ड मागितलं. वाचलं, पेन काढलं, आणि कोरलेल्यासारख्या अक्षरात लिहिलं : उद्देश सफल. नाव कमी करावे.

रखमाजी पुढे झाला. साहेब, पोरगी दुधानेच सुधारली आहे, घरी दूध नाही, असं तो कसंबसं म्हणाला.

‘‘म्हणूनच,’’ साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते, माणूस भला होता. ‘‘तिचं काम झालं. आता ही जागा दुसऱ्या अशक्त बालकाला द्या. पुन्हा रोडावली तर अर्ज करायला सांगा.’’

लेखनिकाने कार्ड खिशात ठेवलं. साळुबाईने बहिणीचं पोर या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं आणि रखमाजीच्या जवळून जाताना म्हणाली, ‘‘आमी येड्या न्हाई, भाऊ.’’

आमिनाने एकदा रखमाजीकडे पाहिलं आणि पेला ओढणीत गुंडाळून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी झुबेदाच्या जागी बहिणीचं काटकुळं पोर भरती झालं. साळुबाईने त्याचा राजुरीचा मुक्काम कायमचा हलवून टाकला होता. चाळीसाला चाळीस भरले. रखमाजीने प्रात्यक्षिकाचा पेला तोंडाला लावला, प्यायला, आणि त्या दिवशी ‘बघा, काही होत नाही’ म्हणायला विसरला. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. पहाटे रवी फिरवताना त्याला वाटलं, पेन्शनीपर्यंतचे आठ महिने कधी संपतील. मग वाटलं, संपले तरी जुन्नरातच राहायचं आहे, कागदी मोहल्ला वाटेतच आहे.

चौथ्या दिवशी आमिना आली. कमरेवर झुबेदा, हातात बक्षिसाचा पेला. रांगेत न थांबता सरळ चुलीपाशी आली.

‘‘कार्ड?’’ रखमाजीने विचारलं.

‘‘कार्ड साहेबाचं व्हतं, साहेबानं नेलं,’’ ती म्हणाली. ‘‘शब्द तुमचा व्हता. तो न्यायला आले.’’

तिने पेला पुढे धरला. पितळ राखेने घासून लख्ख केलेलं होतं, ‘प्रथम क्रमांक’ रखमाजीच्या बाजूला होता.

रखमाजीने पातेल्याकडे पाहिलं. दूध चाळीस पोरांना पुरेल एवढंच होतं. त्यातून थेंब काढायचा तर कुणाच्या तरी तोंडचा. आणि वर एक पेला होता. त्याने तो हुकूम मनात पुन्हा वाचला. दहा महिने तोंडपाठ असून नीट वाचला नव्हता. केंद्रचालकाने एक पेला सर्वांसमक्ष पाजून. पाजून. कुणाला, ते नव्हतंच.

त्याने आपला पेला बाजूला ठेवला आणि बक्षिसाच्या पेल्यात दूध ओतलं, काठोकाठ. गुठळ्या बोटाने काढल्या.

‘‘बसा इथं पुढं,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांना दिसेल असं.’’

आमिना बसली. झुबेदाने पेला दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता पिऊ लागली. दूध वाढायचं थांबलं होतं, चाळीस आया बघत होत्या. पेला रिकामा झाला. तिच्या ओठांवर पांढरी मिशी होती, गालावर कालचा टिळा पुसट होऊन पसरला होता.

रखमाजीने घसा खाकरला.

‘‘बघा,’’ तो म्हणाला, ‘‘काही होत नाही.’’

साळुबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. झुबेदाच्या मांड्यांकडे पाहून तिने ते मिटलं आणि आपलं उसनं पोर पुढे सारलं. रखमाजीने पहिला पेला भरला. उद्याच्या प्रात्यक्षिकाच्या पेल्यात तरी गुठळ्या कमी असल्या तर बरं, असं त्याला वाटलं, आणि त्याने रवी पुन्हा हातात घेतली.