पिवळा पडलेला पेला

तलावाचे फाटक उघडले की सकाळची कामे ठरलेल्या क्रमाने होत. सफाईच्या मावशी जाळीने पाण्यावरची पाने काढत आणि काठ घासत. पोहायला शिकवणारी प्रशिक्षिका काचेच्या नळीत तलावाचे पाणी घेऊन त्यात लाल औषधाचा थेंब टाकी. पाणी गुलाबीसर झाले की ठीक. दुसऱ्या नळीत क्लोरीन पाही. मगच मुले पाण्यात उतरत.

रात्रभर पाऊस कोसळून गेलेल्या एका सकाळी मात्र मुले काठावर कुडकुडत उभी होती. पाणी नितळ दिसत होते. आभाळातून पडते ते शुद्धच, असे मनाशी म्हणून तिने शिट्टी वाजवली. नळ्या कपाटातच राहिल्या, त्या दिवशी आणि नंतरही.

पुढच्या काही दिवसांत पाणी हिरवट झाले, मुलांचे डोळे चुरचुरू लागले, पोटे बिघडली. एका मुलीचा ताप उतरेना. कुणीतरी करणी करून पाणी बांधले, अशी कुजबुज सुरू झाली आणि क्लबच्या चिटणीसांनी पाण्यावरून दोषी ओळखणाऱ्या पाणीबाबाला बोलावले.

कचेरीसमोर मोठी गर्दी लोटली. मेजावर पेले, दोन सुरया आणि एक नक्षीदार कुपी.

"जिभेला लाच देता येते, पाण्याला नाही!" बाबा गरजला. "पेल्यात बोट बुडवा. निर्दोष असाल तर पाणी लाजून लाल होईल. पापी असाल तर भीतीने पिवळं पडेल!"

"बाबा, आमच्या न्हाणीघराचं छत गळतंय," मागून कुणीतरी म्हणाले, "त्यात पाप कुणाचं, तेही विचारा की!"

हशा पिकला, पण चिटणीसांचा पेला लालभडक झाला तेव्हा टाळ्याही पडल्या. मग मावशींची पाळी आली. बाबाने दुसरी सुरई उचलली. मावशींनी बोट बुडवले, कुपीतला थेंब पडला, आणि पाणी पिवळे झाले.

"अहो, मी काय केलं?" मावशींचा आवाज फाटला. "माझ्या हातात जाळी असते, दुसरं काय असतं?"

"उद्यापासून येऊ नका," चिटणीस म्हणाले.

कुपीतला थेंब आपल्या नळीतल्या लाल औषधाचाच आहे, हे प्रशिक्षिकेने पहिल्याच पेल्यात ओळखले होते. तरी ती गप्प होती. कारण ही लबाडी उघड करायची तर पुढचा प्रश्न तिच्यावरच येणार होता. मावशी पदराने बोट पुनःपुन्हा पुसत होत्या. ते तिला पाहवेना.

ती पुढे झाली. दुसऱ्या सुरईतले पाणी तिने कोऱ्या पेल्यात ओतले आणि बोट न बुडवताच कुपीतला थेंब टाकला. पिवळे.

"अरे! आता पापी कोण? पेला?" मघाचाच आवाज.

"शक्ती भंगली! अशुद्ध हात लागला!" बाबा कुपी लपवू लागला.

"शक्ती नाही, औषध आहे. पाणी आम्लाकडे झुकलं की पिवळं, सोड्यासारख्या क्षाराकडे झुकलं की लाल. यांच्या एका सुरईत क्षार आहे, दुसरीत नाही. कुणाला कुठलं द्यायचं, हे बाबाच ठरवतात." अंगणात उघड्यावर पावसाने भरलेली बादली होती. तिने आपले कपाटातले लाल औषध आणून बादलीतले पाणी तपासले: पिवळे. मग तलावाचे आणले. तेही पिवळे.

प्रशिक्षिका गर्दीकडे वळली.

"पावसानं तलावातलं क्लोरीन पातळ झालं, पाण्याचा तोल आम्लाकडे गेला. वरच्या बागेतून चिखल आला, उरलेलं क्लोरीन त्यानं खाल्लं. मग शेवाळ वाढलं, जंतू वाढले. हे नळीत लगेच दिसलं असतं. त्या सकाळपासून मी तपासलंच नाही. कुणावर बोट ठेवण्याआधी निदान एकदा विचारत जा: दुसऱ्याच्या हातून केलं तर असंच होईल का?"

"तुम्ही जरा दमानं घ्यायचं होतं," चिटणीस पुटपुटले. "नोकरी जाईल ना तुमची."

"मावशींची गेली असती ती चालली असती?"

तापाने फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन उभी असलेली आई पुढे आली. "डॉक्टरकडे न नेता मी हिला कालपासून बाबांनी मंतरून दिलेलं पाणी पाजतेय. दोष तलावाच्या पाण्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"संशय होता. नाही बोलले," प्रशिक्षिका म्हणाली.

तिने फाटकाला कुलूप लावले, किल्ली चिटणीसांच्या हाती दिली आणि त्या आईच्या मागोमाग दवाखान्यात गेली.

"कशानं झालं हे?" डॉक्टरांनी विचारले.

आईने तिच्याकडे पाहिले. प्रशिक्षिकेने खुर्ची पुढे ओढली आणि पावसाच्या त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.