बत्तीस पावलांवरून

कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाकघराची कपाटं बनवणारी ही बाई फेविकॉल वाळायची वाट बघता बघता दुसरी तीन कामं काढायची, ती तिन्ही अर्धवट टाकायची आणि पुन्हा फेविकॉलला बोट लावून बघायची. सध्या तिनं घरातच एक नवं झेंगट लावून घेतलं होतं. रस्त्याकडच्या खोलीत ती गेमचं मशीन बनवत होती. कपाटाएवढं उंच, उभ्यानं खेळायचं, जॉयस्टिक आणि सहा बटणांचं.

कॅफेवाल्या बाई शनिवारी पाच वाजता ते बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर अशीच आणखी चार हवी होती, म्हणजे भिंगरी कारखान्याला रामराम ठोकायला मोकळी. सुतारकामाची तिला चिंता नव्हती. दोन्ही बाजूंचे प्लायवूड एकावर एक आवळून एकदमच कापले होते, केसाचाही फरक नव्हता. स्क्रीन चालू होता, बटणं टकटक वाजत होती. जीव अडकला होता तो रंगकामात, कारण रंगकाम तिनं बाबांना दिलं होतं.

बाबांनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील बोर्ड आले, त्यामागून हाताला कंप आला, आणि ब्रश एका डब्यात गेले. गेली चार वर्षं बाबा फाटकापलीकडे गेले नव्हते. भिंगरीनं भीत भीत विचारलं, तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "बघू." पण परवा ते कुठेतरी बाहेर जाऊन आले, काल ब्रश काढले, आणि काल-आज मिळून दीड दिवस खोलीचं दार लावून बसले. भिंगरीनं आतापर्यंत वीस वेळा दारावर टकटक केली होती.

आज शनिवार. दुपारी काम संपवून बाबा अंघोळीला गेले आणि भिंगरी आत घुसली. बघते तर काय, मशीनच्या बाजूवर 'अजून एक डाव' ही अक्षरं एकमेकांशी भांडल्यासारखी लांब लांब उभी होती. कडांना बोटभर जाड काळी रेघ. खाली उडी मारणारं अस्वल असणार होतं, तिथे तपकिरी आणि पिवळे नुसते ठिपके फासलेले. हात गेला बाबांचा, तिला वाटलं.

आता पाचला बाई येणार. तोंडावर हसल्या तर? मग बाबा ब्रश कायमचे डब्यात टाकतील, आणि स्वतःही त्या डब्यातच बसल्यासारखे राहतील. नको. मशीन सरकवताना घासलं गेलं असं सांगू, छापील स्टिकर लावू. शांतपणे विचार करणं तिच्या स्वभावात नव्हतंच. तिनं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि उजव्या टोकापासून पुसायला लागली. रंग ओला होता. 'डाव' गेलं, अर्धं अस्वल गेलं.

"घाई झाली होय?" मागून बाबा म्हणाले. डोकं ओलं, खांद्यावर टॉवेल.

घासलं गेल्याची थाप तिच्या ओठांवर होती, पण हातात बोळा होता.

"हात कापतो म्हणून पुसलंस?"

"हो," ती म्हणाली.

"कापतोच. नाहीतर हे दोन तासांचं काम." ते खुर्चीत बसले. "कुठे उभी राहून बघितलंस?"

"इथेच."

"इथे कोण उभं राहणारे? मशीन लागणार कॅफेच्या हॉलच्या पार टोकाला, ही बाजू दाराकडे. दारातून दिसलं तर माणूस आत येईल. परवा जाऊन मोजून आलो. बत्तीस पावलं."

"तुम्ही गेलात? एकटे?"

"मग काय बँड लावून जायचं?"

भिंगरी बोळा टाकून बाहेर पळाली. पावलं मोजत रस्ता ओलांडला आणि बत्तिसाव्या पावलाला, समोरच्या भिंतीशी, वळली. उघड्या दारातून 'अजून एक' खणखणीत दिसत होतं, अक्षरं जवळ जवळ आलेली, जाड रेघ बारीक झालेली. ठिपक्यांचं अस्वल झालं होतं, गुबगुबीत, ऊन पडल्यासारख्या पाठीचं, पण निम्मंच. तिला रडू आलं. आयुष्यात इतकी वाईट घाई तिनं कधी केली नव्हती.

तिथूनच तिनं बाईंना फोन लावला. "आज नाही होणार. सोमवारी दाखवते."

"मला सोमवारी दुसऱ्याकडे जायचंय बघायला," बाई म्हणाल्या. "ठरलेलं पाळायचं नाही तर कसं व्हायचं?"

"माझी चूक आहे. पण सोमवारीच होईल." पलीकडून फोन ठेवला गेला.

ती परत आली तेव्हा बाबा ब्रश धूत होते. आता ब्रश पुन्हा डब्यात जाणार हे तिला दिसत होतं.

"चुकलं माझं, बाबा. पुन्हा काढा. मी हात लावणार नाही, खोलीत पायसुद्धा ठेवणार नाही."

"तू? आणि थांबणार?" बाबा हसले नाहीत. धुतलेला ब्रश त्यांनी बोटांत फिरवला, टॉवेलला पुसला. मग म्हणाले, "समोर जा. भिंतीला पाठ लावून उभी राहा. अक्षर सरकलं तर हात वर कर. जागेवरून हलायचं नाही."

ती गेली. ऊन डोक्यावर होतं, पायांना मुंग्या आल्या, एक सायकलवाला दोनदा वळून बघून गेला. भिंगरी हलली नाही. बाबांनी स्टूल ओढलं, डावा हात उजव्या मनगटाखाली धरला आणि 'डा'ची पहिली उभी रेघ खाली आणली. त्यांचा हात कापतोय हे तिला माहीत होतं. बत्तीस पावलांवरून ते दिसत नव्हतं.