काठीवरचे दात

सुजय सुर्वे लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून निवृत्त झाला आणि काठ्यांच्या नादाला पुरता लागला. काठ्या म्हणजे इंग्रजांच्या फौजेतले साहेब काखेत दाबून ऐटीत फिरायचे त्या, दीड हाताच्या, चांदीची टोपी बसवलेल्या. रत्नागिरीतल्या घराची एक भिंत त्यांनी भरली होती. ही कुणाच्या मुठीत असेल, कुठल्या लढाईत गेली असेल, या विचारात चहा गार व्हायचा. बायको, योगिनी, म्हणायची, "आता हळदकुंकूच वाहा त्यांना."

नवी काठी मिरकरवाड्यातल्या आनंदा नावाच्या तरुणाने सुजयला विकली. माळा साफ करताना त्याला सापडली होती. टोपीवरचं पलटणीचं चिन्ह अजून लख्ख. असा नग सुजयने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. फक्त मधोमध लाकूड कुरतडलेलं. उंदरांचा उपद्व्याप, असं ठरवून तो पॉलिशपेपर घेऊन बसला, तोच आनंदाची आई शकू धापा टाकत दारात उभी.

"भाऊ, घासू नका ती!"

"अहो मावशी, उंदरांनी खाल्लीय."

"उंदीर कसले? ह्ये माज्या सासूचे दात. आनि ह्ये माजे, आनंदाच्या येळचे."

शकूच्या आजेसासऱ्याने एका साहेबाला होडीतून खाडीपार नेलं, त्याची ती बक्षिसी. पुढे घरात एक बाळंतपण अडलं, तेव्हा सुईणीने हाताला लागली ती काठी बाईच्या दातांत दिली. तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक बाई तीच चावून मोकळी झाली. बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट, पुरुषांच्या कानावर कुणी घातलीच नाही. म्हणून तर आनंदाने बेधडक विकून टाकली. आणि आज सून चिमा दवाखान्यात होती, कळा सुरू झाल्या होत्या.

"पयलटकरीन हाय. घाबरलीय पोर. काठी आना, काठी आना, येवढंच बोलतेय."

सुजयने त्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि अंगावर सरसरून काटा आला. अख्खं घर या दीड हाताच्या लाकडाला धरून जगात आलं होतं, आणि तो ते घासून गुळगुळीत करायला बसला होता! तरी क्षणभर त्याची मूठ सुटेना. असा नग पुन्हा कुठला मिळायला?

शकू भिंतीकडे बघत होती. "येवड्या काठ्या! ह्यांच्यावर कुनाचे दात हायत?"

"कुणाचेच नाहीत, मावशी."

"अगो बाय," ती म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटलं होतं.

सुजयने काठी तिच्या हातात दिली आणि स्कूटर काढली.

दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीच्या दारात चिमा घामाने निथळत होती. काठी दिसताच तिने हात पुढे केला. नर्सने कपाळाला आठ्या घातल्या, पण काठी राहू दिली. साहेबाच्या चांदीच्या टोपीवर चिमाची बोटं आवळली गेली. इतकी वर्षं सुजय नुसत्या मुठी मनात आणत होता. आज एक मूठ डोळ्यांसमोर होती, जिवंत, पांढरीफटक पडलेली. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

दार लागलं. आतून बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत तो तिथून हलला नाही.