ऊन पाण्यातला धवला

अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडात एकदा मनसोक्त डुंबायचं, एवढी साधी गोष्ट. पण गोदू आणि आक्का यांना कित्येक वर्षांत ती काही जमली नव्हती. दरवर्षी बेत ठरायचा, पिशवी भरून व्हायची आणि कुणाच्या तरी घरची हळद आडवी यायची.

कारण गोदू धवलारीण, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, गाणारी. खारबावपासून कोनपर्यंत आगऱ्यांच्या कुठल्याही घरात लग्न निघालं की पहिला निरोप तिला. मांडवाचा खांब रोवायचा तर धवला, हळद दळायची तर धवला, नवरीला पाटावर बसवायचं तर धवला. डीजे कितीही कोकलू दे, धवलारीण गायल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी बोट लावत नाही. शिवाय गोदू जुनंच घोळवत बसणारी नव्हती. ज्याचं घर, त्याचा धवला ती उभ्या उभ्या नवा बांधायची. नवऱ्याच्या गोदामाचं शटर, वरमायचा मोबाइल, मामाचा नवा ट्रक, सगळं त्यात यायचं आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या. तिच्यामागे आक्का. गोदूने ओळ टाकायची, आक्काने झेलायची, हा दोघींचा तारुण्यापासूनचा शिरस्ता.

आता मात्र हळद आटपली की गोदूला चार दिवस अंथरूण सोडवत नसे, आणि आक्काचे गुडघे तर मांडवात बसतानाच कुरकुरायला लागत. यंदा आक्काने निक्षून सांगितलं, "गोदू, बेस्तरवारी मी चालली. तू आलीस तर तुझ्यासंगती, न्हाय तर एकटी."

"मी येतंय गो," गोदू म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी कोन गावचे चांगदेव शेठ नारळ घेऊन दारात हजर. शेठची चार गोदामं, गळ्यात बोटभर जाडीची साखळी, पण गोदूसमोर अजूनही शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून बसायचे. त्यांच्या लेकीची, भाविकाची हळद. वार अर्थातच गुरुवार.

"न्हाय जमायचं रं चांगदेव," गोदू म्हणाली. "मना अकलोलीला जायाचं हाय."

चांगदेव शेठ नुसते हसले. आता यात त्यांची चूक तरी कशी म्हणावी? नारळ पुढे आला की धवलारणीने आधी नाही म्हणायचं, आवाज बसलाय म्हणायचं, कंबर धरलीय म्हणायचं, मग यजमानाने आर्जव करायचं आणि मग तिने नारळ उचलायचा, ही रीतच. गोदूने जन्मभर प्रत्येक घराला आधी 'नाही'च म्हटलं होतं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं 'नाही' म्हटलं तेव्हा ते कुणालाच कळेना.

"खरंच न्हाय जमायचं," ती पुन्हा म्हणाली.

"बरं बरं. गाडी पाठवतो," म्हणत शेठ नारळ ठेवून खुशीत निघून गेले. गोदूच्या सुनेने, मेघालीने, नारळ देवापुढे ठेवला. आता आई जाणार, हे तिनेही धरूनच चाललं.

गोदू ओट्यावर बसून राहिली. आक्काला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, तरी पायही निघत नव्हता. आणि का निघत नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण गेलो नाही तर भाविकाची हळद अडेल, ही भीती नव्हतीच. हळद अडली नाही तर? आपल्यावाचून सगळं सुरळीत पार पडलं तर मग आपण कोण, नुसती एक म्हातारी? हा विचार तिला भलताच झोंबला.

तरी गुरुवारी सकाळी शेठची गाडी यायच्या आत तिने नारळ मेघालीच्या हातात दिला. "गाडी आली की यो परत धाड. आन सांग, ह्या टायमाला गोदू खरं बोलली." आणि ती आक्काचा हात धरून भिवंडीला गेली नि वज्रेश्वरीच्या एसटीत चढली.

काय सांगावं त्या पाण्याचं! कुंडात पाऊल टाकलं तेव्हा दोघी कोळंबीसारख्या उड्या मारत बाहेर आल्या. मग घोटे, मग गुडघे, असं करत करत गळ्यापर्यंत उतरल्या. आक्काने डोळे मिटून असा सुस्कारा सोडला, की शेजारची बाई घाबरून तिच्याकडे बघायला लागली. "गोदू," आक्का म्हणाली, "माजं गुडघं हायेत का गेलं, काय कलत न्हाय." गोदू हसली. तिच्या अंगातला एकेक सांधा सैल सुटत होता. असं काही न करता नुसतं बसणं किती सुखाचं असतं हे आपल्याला आजवर कुणी का सांगितलं नाही, याचा तिला चक्क राग आला.

एवढ्यात बायकांच्या कुंडाच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "गोदूमावशे!"

चांगदेव शेठ! मेघालीने निरोप सांगितला होता, आणि शेठ तडक मोठी गाडी घेऊन इथे आले होते. आत यायची सोय नव्हती, म्हणून भिंतीला तोंड लावून ओरडत होते.

"मावशे, संध्याकाळी हळद हाय. मी काय करू?"

"मना इचारू नको. मी पान्यात हाय," गोदू आतून म्हणाली.

"पाया परतो तुझ्या."

"माजं पाय पान्यात हायेत."

 मग शेठनी बरोबर आणलेल्या बायकांना आत धाडलं. त्यांची बहीण क्षितिजा आणि भावजय मृणाली, दोघी जरीच्या साड्या सावरत कडेला उकिडव्या बसल्या आणि गोदूला गळ घालू लागल्या. गोदूने सगळं ऐकून घेतलं. गाडी आहे, गादी आहे, परत आणून सोडू. जावं का? क्षणभर तिचं मन हललं. मग तिने आक्काकडे पाहिलं.  तिचा चेहरा पाण्यात जसा निवांत झाला होता तसा गोदूने मांडवात कधी पाहिला नव्हता.

"मी येयाची न्हाय," गोदू म्हणाली. "तुमी आत उतरा. शिकवते."

"आमाला कुठं जमनार?"

"मना तरी पोटातून कुठं येत व्हतं? उतरा."

उतरल्या. आधी साड्या भिजतील म्हणून, मग चटके बसतात म्हणून किंचाळल्या, आणि थोड्या वेळाने बाहेर निघायचं नाव घेईनात. गोदूने चाल धरली, आक्काने सवयीने झेलली. पहिलं आवतण वज्राबाईला, म्हणजे वज्रेश्वरी देवीला, दुसरं गावदेवीला, मग वाडवडिलांना, मग मामा-मावश्यांना. "हितं तुमच्या घरची नावं घाला. जे दिसंल ते घाला. चुकलं तर हसा आन फुडं चला." कुंडातल्या परक्या बायकाही टाळ्या वाजवायला लागल्या. भिंतीपलीकडे शेठ आक्काने बांधून आणलेली भाकरी-सुकट खात घड्याळ बघत होते. दुपार कलली तेव्हा क्षितिजा आणि मृणाली ओल्या केसांनी गुणगुणतच गाडीत बसल्या.

संध्याकाळी गोदू आणि आक्का कुंडाजवळच्या नदीच्या पायऱ्यांवर चहा पीत बसल्या होत्या, तोच गोदूचा फोन वाजला. क्षितिजा म्हणाली, "मावशे, आईक," आणि तिने फोन स्पीकरवर टाकून मांडवातच ठेवला. डीजे थांबला. क्षितिजाचा आवाज आधी कापला, मग सावरला. मागून मृणाली झेलत होती. गोदूचा जीव कानात गोळा झाला. गावदेवीचं आवतण सुटलं! ती अर्धी उठली. आक्काने पदर धरून खाली बसवलं. क्षितिजा हसली, मागे येऊन गावदेवीला घेतलं आणि पुढे गेली. हळद लागत होती. गोदूवाचून लागत होती. ज्या गोष्टीची इतकी धास्ती होती ती घडत होती, आणि गोदूला आपसूक हसू फुटत होतं.

मग क्षितिजाने एक नवीच ओळ टाकली.

"आवतन गेलं गो ऊन पान्याच्या गावाला,
गोदू धवलारीन बसली गो न्हायाला."

मांडव खदखदून हसला.  जन्मभर गोदूने देवांना बोलावलं, मेलेल्यांना बोलावलं, मामाच्या ट्रकलासुद्धा बोलावलं. पण धवल्यात तिचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

मग तिने फोन तोंडाशी धरला. "क्षितिजे, थांब. एक राह्यली. माज्या मागनं घे." आणि चहाचा पेला हातात तसाच धरून, पायऱ्यांवर बसल्या बसल्या तिने ओळ बांधली.

"आवतन धाडा गो माज्या जोडीच्या बाईला,
आक्का नसती तर कोन असतं झेलायला?"

क्षितिजाने ती उचलली. मृणालीने झेलली. आणि मग कोनच्या मांडवातल्या सगळ्या बायकांनी मिळून आक्काचं नाव घेतलं, एकदा आणि पुन्हा एकदा.

आक्काने सवयीने झेलायला तोंड उघडलं होतं. पण ओळ तिच्याच नावाची होती, आणि ती झेलायला सगळा मांडव होता. ती तशीच, तोंड उघडं ठेवून, ऐकत राहिली.