भाचीचं नाक

बिस्किटांच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकसाहेब म्हणायचे, आणि ते नाव त्यांना भारी आवडायचं. आलेला माल हुंगायचा, चाखायचा, पास नाहीतर बाद करायचा, हे त्यांचं काम. त्यांनी नुसती मान हलवली की लोण्याचे डबे आल्या पावली परत जायचे. यंत्र नाही, तक्ता नाही. अठ्ठावीस वर्षं नाकसाहेब म्हणतील ते खरं.

आणि तेच नाक दोन महिन्यांपूर्वीच्या तापात गेलं. साफ गेलं. घरात दूध करपून कोळसा झालं, तरी हे बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते. बायकोने धावत येऊन गॅस बंद केला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"अहो, तुम्हाला वास येत नाही."

"पडसं आहे गं."

"दोन महिने पडसं? कारखान्यात सांगून टाका. दुसरं काम देतील. खाणार थोडेच आहेत तुम्हाला?"

"माझं नाक मला माहीत आहे!" ते खेकसले.

डोंबलाचं माहीत! मग हे दोन महिने कसे निभावले, ते विचारा. बहिणीची मुलगी दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली हंगामी होती. डबा उघडला की ते म्हणायचे, "आधी तू बघ." तिच्या कपाळाला आठी पडली की माल बाद, नाही पडली की पास. पोरगी मनात म्हणायची, मामांचं आणि माझं अगदी जुळतं हं! बिचारीला पत्ताच नव्हता की मामा डब्यात नाही, तिच्या तोंडाकडे बघताहेत.

मग मॅनेजरच्या डोक्यात आलं, या कामाला आणखी एक कायम माणूस हवा. भाचीचंच नाव पुढे आलं. फक्त एक छोटीशी परीक्षा. तीन व्यापाऱ्यांचं लोणी तीन वाट्यांत, त्यातलं बाद कुठलं ते मामा-भाचीने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. आणि बसायचं एकमेकांकडे पाठ करून.

पाठ करून! नाकसाहेबांना घाम फुटला. त्यांनी पहिली वाटी नाकाशी नेली. काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी चाखली. जिभेला मऊ लागलं, बाकी ठणठणाट. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, 'पहिली'.

भाचीची चिठ्ठी निघाली, 'तिसरी'.

मॅनेजर गोंधळला. पोरगी मात्र गडबडली नाही. तिसरी वाटी उचलून तिने मामांपुढे धरली.

"खवट आहे हो, मामा. अगदी घशाशी येतंय. एकदा परत बघा ना."

त्यांनी परत हुंगलं. तिचं बरोबर आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं, नाकाने नव्हे, तिच्या कपाळावरच्या आठीने. एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, माझं नाक गेलंय, हिचं ऐका.' शब्द ओठांपर्यंत आलेही. पण नाक गेलं तर मग आपण कोण?

"नाक कच्चं आहे हिचं," ते मॅनेजरला म्हणाले. "आणखी दहा वर्षं बसवलीत तरी हे काम जमायचं नाही हिला."

भाचीचा चेहरा उतरला. तिने वाटी स्वतःच्या नाकाशी नेली, परत हुंगली आणि खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी नाकसाहेबांनी गोदामवाल्याला एकट्याला गाठून सांगितलं, "पहिल्याचा माल नकोच. आणि तिसऱ्याचाही नको, तो माणूस वेळा पाळत नाही." तिचा शब्द त्यांनी असा मुकाट पाळला. त्यांना स्वतःची किळस आली. ती त्यांनी चहाबरोबर गिळली.

भाचीला पॅकिंगमध्ये टाकलं. दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची. आठवड्याभराने दुपारच्या सुट्टीत ती मामांपाशी येऊन बसली. रागावलेली नव्हती. तेच त्यांना जड गेलं.

"मामा, एका अत्तराच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. मागे अर्ज केला होता ना मी? वासांच्याच कामाला. पगार इथल्या तिप्पट."

"मग?"

"मग काय, नाही म्हणून कळवलं काल. उगाच हसं झालं असतं माझं." ती हसली. "मी स्वतःला फार शहाणी समजत होते हो. आणि लोण्याचा साधा वास कळला नाही मला. हल्ली तर घरी आमटीला वास आला तरी आईला विचारते, खरंच येतोय ना गं? वेळीच डोळे उघडलेत तुम्ही माझे. दुसऱ्या कोणी तोंडावर सांगितलं नसतं."

नाकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. एक फोन केला असता, तर कदाचित जमलं असतं.

"बरं केलंस," ते म्हणाले.