छताच्या शिळेतली भेग

ड्रेंथ या डच प्रांतातल्या एका खेड्याबाहेर माळावर पाच हजार वर्षांपूर्वीचं एक दगडी थडगं होतं. मध्ययुगात गावकऱ्यांनी दगडांमधल्या फटी विटांनी बुजवल्या, आतून चुना दिला, वेदी बसवली आणि थडग्याचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर केलं. छत मात्र तेच राहिलं, वीस टनांची एक अखंड शिळा. २०२१च्या मेमध्ये त्या शिळेत कुणाला तरी हातभर भेग दिसली आणि नगरपालिकेनं चॅपेलला कुलूप ठोकलं.

तपासणीचं काम एनस्खेडेच्या विद्यापीठाकडे आलं. अश्लेषाचे प्रोफेसर कोविडनं अंथरुणाला खिळले होते. फोनवर खोकत ते म्हणाले, "तू जा. रिपोर्टवर सहीही तुझीच राहू दे."

जुन्या बांधकामांवर पीएचडी करणारी अश्लेषा आजवर दुसऱ्यांच्या सहीआड निर्धास्त होती. त्या रात्री तिचं जेवणात लक्ष लागलं नाही.

किल्ली घेऊन आल्बर्टाबाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, मास्क नाकावर नीट बसवलेला. त्यांच्या नवऱ्यानं, हेंड्रिकनं, चाळीस वर्षं हे चॅपेल सांभाळलं होतं. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो गेला. दफनाला सहा माणसं, तीही लांब लांब उभी. आता निर्बंध सैल होत होते, म्हणून जूनच्या शेवटी त्यांना इथेच त्याच्यासाठी प्रार्थना ठेवायची होती.

अश्लेषा शिडीवर चढली. भेग खरंच होती, एका टोकाला नखभर रुंद. खाली तीस माणसं बसणार, वर ही शिळा. 'वापरास अयोग्य' एवढं लिहिलं की प्रश्न मिटत होता.

खाली उतरून ती म्हणाली, "आल्बर्टाबाई, मला वाटतं, हे बंदच ठेवावं लागेल."

बाईंनी हातातली किल्ली खिशात ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला जे योग्य वाटतं ते लिहा. हेंड्रिक दर वर्षी भिंतींना चुना द्यायचा, पण छताला कुंचला लावू द्यायचा नाही. म्हणायचा, वरचा चुना चॅपेल करणाऱ्या पहिल्या लोकांचा आहे."

"छताला कधीच नाही?"

"त्याच्या आधी त्याचे वडील बघायचे. त्यांनीही नाही."

अश्लेषा टॉर्च आणि भिंग घेऊन पुन्हा वर गेली. आता तिनं दगडाऐवजी चुना पाहिला. तो भेगेच्या आत शिरून वाळला होता. म्हणजे पहिला हात दिला तेव्हा भेग होतीच. आणि जिथे ती केसाएवढी बारीक होत होती, तिथे चुन्याचा पापुद्रा या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड होता. शिळा तसूभर जरी हलली असती, तरी तो तडकला असता.

तिनं शिडी घट्ट धरली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"भेग जुनी आहे. शेकडो वर्षांची. ती हललेली नाही."

बाई वेदीपाशी खाली बसल्या आणि मास्कमधूनच रडल्या.

तरी अश्लेषानं तीन आठवडे भेगेवर मापक लावून ठेवला. आकडा जागचा हलला नाही. मग तिनं सही केली.

प्रार्थनेच्या दिवशी ती बरोबर भेगेखालच्या खुर्चीवर बसली. पाद्रीबाई हेंड्रिकबद्दल बोलल्या, नातीनं व्हायोलिन वाजवलं, बाहेर गवतावर सगळ्यांनी कॉफी घेतली. आल्बर्टाबाईंनी तिला सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे बळेच बांधून दिले.

झ्वोल स्टेशनवर गाडी बदलून ती खिडकीशी बसली आणि तिला गाढ झोप लागली. एनस्खेडेला अख्खी गाडी रिकामी झाली, तेव्हा कंडक्टरनं तिला उठवलं.